गुणात्मक संशोधन शिकताना: पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पहिल्या मुलाखतीपासून व्हायवापर्यंत

"आधी मेथडॉलॉजी नीट समजून घेते, मग फील्डला जाते." पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण गुणात्मक संशोधन (आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्या-वागण्याचा अर्थ लावणारं) करणाऱ्यांचं वर्ष-दीड वर्ष याच वाक्यापायी जातं. संख्यात्मक अभ्यासात प्रश्नावली पक्की झाली की बरंचसं काम मार्गी लागतं. इथे मात्र एक मुलाखत घेऊन, ती स्वतःच्या हाताने टाइप करून, तिच्यावर दोन पानं लिहीपर्यंत आपला प्रश्न नेमका काय आहे हेच कळत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: शिकणं आणि करणं एकाच वेळी, अगदी छोट्या प्रमाणात, पहिल्या सहामाहीपासून सुरू करा.

आपल्याकडची अडचण खरी आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं मिळतात आणि कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्या कोर्सवर्कमध्ये गुणात्मक पद्धतींच्या वाट्याला बऱ्याचदा शेवटची दोन-चार लेक्चर्स येतात. बाकी वेळ गृहीतक, सॅम्पलिंग (नमुना निवडणं) आणि एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. त्यातून विद्यार्थी नोकरी करणारे. सकाळी डोंबिवली किंवा विरारहून निघायचं, कॉलेजात तास घ्यायचे, संध्याकाळी गाईडला गाठायचं. अशा माणसाला तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं आधी वाचून संपवा असं सांगणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं आहे.

पुढचं सगळं एकाच उदाहरणाला धरून सांगते. समजा, विषय आहे मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळींतून नव्या इमारतींत राहायला गेलेल्या बायकांचं शेजारपण. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून या चाळींच्या २०७ इमारती होत्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं म्हणजे रोजचं आयुष्य मुळापासून बदलणं. विषय सर्वांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे तो हाताळताना काय चुकतं तेही चटकन दिसेल.

गृहीतक सोडा, प्रश्न लिहा

बी.कॉम., एम.एड. किंवा एमबीए करून आलेल्या विद्यार्थ्याच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं: "पुनर्विकासामुळे रहिवाशांच्या सामाजिक संबंधांवर लक्षणीय परिणाम होतो." हे गृहीतक आहे. ते सिद्ध करायचं तर मोजमाप लागेल, तुलनेसाठी दुसरा गट लागेल, मोठा नमुना लागेल. पंधरा-वीस मुलाखती घेऊन ते सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही.

त्याऐवजी "कसं" आणि "काय" यांनी सुरू होणारा प्रश्न लिहा. "नव्या इमारतीत आलेल्या बायका शेजारपण कसं जुळवतात, कशाने टिकवतात, कुठे सोडून देतात?" या प्रश्नाला उत्तर आधीच चिकटलेलं नाही. परिणाम चांगला की वाईट हे आपण ठरवून टाकलेलं नाही. प्रश्न लिहून झाला की एक कसोटी लावा: या प्रश्नाचं उत्तर फील्डला न जाता, पेपरातल्या बातम्या वाचून देता येतं का? येत असेल तर प्रश्न अजून ढोबळ आहे.

प्रश्न पुढे बदलणार आहे हेही आजच मान्य करा. सिनॉप्सिसमध्ये तो मोकळा ठेवा आणि प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद करा. चार वर्षांनी व्हायवामध्ये, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत, हीच नोंद तुमच्या कामी येईल.

पद्धतीच्या नावांचा बाऊ नको

फिनॉमिनॉलॉजी, एथ्नोग्राफी, ग्राउंडेड थिअरी, केस स्टडी, नॅरेटिव्ह. ही नावं पाठ करून त्यातली तीन-चार एकाच प्रबंधात घालण्याची चूक फार जण करतात. निवड प्रश्नावरून करायची असते. नव्या घरात एकटेपणा म्हणजे नेमकं काय जाणवतं, यात तुम्हाला रस असेल तर वाट फिनॉमिनॉलॉजीची. एका मजल्यावरचं रोजचं जगणं महिनोन् महिने पाहायचं असेल तर एथ्नोग्राफी. शेजारपण नव्याने घडतं त्या प्रक्रियेचा सिद्धांत मांडायचा असेल तर ग्राउंडेड थिअरी. १९६७ साली ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी ती मांडली तेव्हा त्यांचा रोख हाच होता की सिद्धांत वरून लादू नका, डेटातून उभा करा. एकाच सोसायटीचा सखोल अभ्यास ही केस स्टडी. एखाद्या आजींच्या आयुष्याची कहाणी कशी सांगितली जाते हे पाहायचं तर नॅरेटिव्ह.

यातलं काहीच चपखल बसत नसेल तर साधं थीमॅटिक अॅनालिसिस करा, म्हणजे मुलाखतींतून पुन्हा पुन्हा दिसणारे अर्थ शोधून मांडा. ते कमी दर्जाचं अजिबात नाही. ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ च्या लेखात त्याचे सहा टप्पे स्पष्ट मांडले आहेत आणि नवशिक्याला धरून चालायला ते पुरेसे आहेत.

ऑण्टॉलॉजी (काय अस्तित्वात आहे) आणि एपिस्टेमॉलॉजी (ते आपल्याला कसं कळतं) यांचं प्रकरण समोर आलं की अनेकांचे हातपाय गळतात. एक कागद घ्या आणि मराठीत तीन उत्तरं लिहा. मी ज्याचा अभ्यास करते आहे ते माणसांच्या सांगण्यापलीकडे स्वतंत्रपणे आहे असं मला वाटतं का? ते मला कशातून कळू शकतं? माझ्या असण्याने त्यात काय फरक पडतो? ते पान गाईडला दाखवा. शास्त्रीय नावं नंतर त्याच पानावर चढवता येतात.

आणि शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जा. तुमच्या विषयाचे सोडा, तुमच्या पद्धतीचे चार-पाच प्रबंध काढा आणि त्यांतलं फक्त पद्धतीचं प्रकरण वाचा. "सखोल मुलाखती घेण्यात आल्या" एवढ्यावर थांबलेलं प्रकरण आणि मुलाखत कुठे झाली, कोण बाजूला होतं, काय विचारता आलं नाही हे सांगणारं प्रकरण, या दोन्हींतला फरक एका दुपारीत लक्षात येतो.

किती मुलाखती? समिती हे विचारणारच

एका संशोधनाचा आधार वारंवार दिला जातो: गेस्ट, बन्स आणि जॉन्सन, २००६. घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती त्यांनी तपासल्या आणि पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक कोड (बोलण्यातल्या अर्थाला दिलेली छोटी नावं) सापडून गेल्याचं दिसलं. यावरून "१२ पुरे" असा निष्कर्ष काढणं चूक आहे. तो गट बऱ्यापैकी एकसारखा होता आणि प्रश्नांचा आवाका मर्यादित होता. तुमच्या अभ्यासात सासवा, सुना, भाडेकरू, घरकाम करणाऱ्या, नोकरीला जाणाऱ्या अशा सगळ्या असतील तर १२ कुठल्या कुठे कमी पडतील.

विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर नुसता आकडा टाकू नका, तर्क मांडा. एक छोटा तक्ता करा: कोणत्या वयाच्या, किती वर्षं चाळीत राहिलेल्या, कुठल्या मजल्यावर गेलेल्या, घराबाहेर काम करणाऱ्या आणि न करणाऱ्या. प्रत्येक चौकटीत दोघी-तिघी. त्यावरून "२० ते २५ असा अंदाज आहे, नवीन मुलाखतीतून नवं काही हाती लागेनासं झालं की थांबेन, आणि ते कशावरून ठरवलं हे लिहीन" असं सांगा. नवं काही न मिळण्याच्या या टप्प्याला सॅच्युरेशन म्हणतात. पण सॅच्युरेशन झालं, असं एका ओळीत लिहून टाकलं तर ते कुणालाच पटत नाही.

सही मागण्याआधी

संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचा फॉर्म भरणं हे कंटाळवाणं कागदी काम समजलं जातं. मुंबईत फील्डवर्क करताना मात्र संमतीपत्राची सही ही सगळ्यात नाजूक जागा ठरू शकते. पुनर्विकास चालू असलेल्या वस्तीत सही या गोष्टीला वजन आहे. बिल्डरच्या संमतीपत्रावर सही करायची की नाही यावरून घराघरांत भांडणं झालेली असतात. तिथे तुम्ही इंग्रजी मथळ्याचा दोन पानी कागद पुढे केलात तर आतापर्यंत गप्पा मारणाऱ्या काकू एकदम म्हणतात, "हे येतील ना घरी, त्यांना विचारून सांगते." मुलाखत तिथेच संपली.

म्हणून तोंडी संमती रेकॉर्ड करण्याची परवानगी कमिटीकडून आधीच मागून घ्या, आणि कारण असंच स्पष्ट लिहा. माहितीपत्रक मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरांत असू द्या. त्यात पाच गोष्टी बोलीभाषेत हव्यात: मी कोण, कुठल्या विद्यापीठातून आले, काय विचारणार, नाव बाहेर येणार नाही, आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबायचं. विषय आरोग्याचा असेल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच अर्ज करा.

"यातून आम्हाला काय मिळणार?" हा प्रश्न येतोच. तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. सर्व्हे करून गेलेले अनेक जण त्यांनी पाहिलेले असतात. खरं उत्तर द्या: थेट काही मिळणार नाही, घराच्या यादीत माझ्यामुळे काही होणार नाही, मला पदवी मिळेल, आणि तुम्ही सांगितलेलं नीट लिहून ठेवलं जाईल. एवढं ऐकूनही बोलायला तयार होणारी माणसं खूप असतात. खोटी आशा दाखवून मिळवलेली मुलाखत मला चोरीच वाटते.

नाव बदललं की ओळख लपते, हाही गैरसमज आहे. चाळीत सगळे सगळ्यांना ओळखतात. "तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या, मुलगा पोलिसात असलेल्या बाई" असं लिहिलं तर नाव लपवून काय उपयोग? ओळख पटेल असे तपशील बदला किंवा गाळा, आणि काय बदललं त्याची यादी मुलाखतींपासून वेगळ्या फाईलमध्ये पासवर्ड लावून ठेवा.

पहिली मुलाखत

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला. शहर आधी पायी फिरून पाहा, आराखडे मग काढा, हा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो आजही लागू वाटतो. मुलाखत घेण्याआधी त्या जागी तीन-चार वेळा नुसतं जा. वेगवेगळ्या वेळी जा. पाणी कधी येतं, पोरं शाळेतून कधी येतात, बायका खाली कधी बसतात, लिफ्टपाशी कोण कुणाशी बोलतं. दुपारी जेवणं आवरल्यावर आणि मुलं घरी येण्याआधी मिळणारा तास-दीड तास हाच बहुतेक वेळा तुमचा मुलाखतीचा वेळ असतो, हे अशा फेऱ्यांतूनच कळतं.

एकांत ही मुंबईतली दुर्मिळ गोष्ट. सुनेची मुलाखत चालू असताना सासूबाई बाजूला भाजी निवडत बसलेल्या असतात आणि अर्धी उत्तरं त्याच देतात. त्यांना "तुम्ही जरा बाहेर जाता का" असं म्हणता येत नाही. यावर उपाय असतात: सासूबाईंची मुलाखत आधी मनापासून घ्या, मग सुनेशी गच्चीवर, बागेत किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर बोलण्याची परवानगी त्यांच्याकडूनच मागा. तेही जमलं नाही तर तिघींचं बोलणं तसंच रेकॉर्ड करा आणि कोण कुठे कुणाला तोडून बोललं ते टिपून ठेवा. तोही डेटाच आहे.

प्रश्नांची भाषा हा पुढचा अडथळा. "पुनर्विकासामुळे तुमच्या सामाजिक संबंधांवर काय परिणाम झाला?" या प्रश्नाला उत्तर येतं: "काही नाही, चांगलंच आहे सगळं." असा प्रश्न विचारलात म्हणजे विश्लेषणाचं काम तुम्ही त्या बाईंवरच टाकलंत. घटना विचारा. "इथे आल्यावरचा पहिला गणपती कसा झाला, ते सांगाल का?" "काल सकाळपासून दिवसभरात कुणाकुणाशी बोलणं झालं?" "शेजारच्यांकडे शेवटचं कधी गेला होतात? काय निमित्त होतं?" माणसं घटना सांगता सांगता अर्थही सांगून जातात. "का" ने सुरू होणारे प्रश्न जपून वापरा. त्याने समोरचा माणूस आपली बाजू मांडायला लागतो.

प्रश्न सहा-सात पुरेत. बाकी वेळ "म्हणजे कसं?", "मग काय झालं?" आणि गप्प बसणं. हे गप्प बसणं आपल्याला, विशेषतः शिकवण्याची सवय असलेल्यांना, फार जड जातं. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. बरेचदा खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

तुम्हालाही प्रश्न येतील. "आडनाव काय?" "गाव कुठलं?" "लग्न झालंय का?" या उत्तरांवरून तुम्हाला काय सांगायचं आणि काय नाही हे ठरतं. त्यामुळे प्रत्येक मुलाखतीनंतर लिहा: मला त्यांनी कोण समजलं? म्हाडाची, एनजीओची, आपल्यातली, परकी? रिफ्लेक्झिव्हिटी म्हणजे प्रबंधात "संशोधक ही मध्यमवर्गीय स्त्री आहे" असं एक वाक्य टाकणं नव्हे. तुमच्या जातीमुळे, वयामुळे, बोलण्याच्या ढंगामुळे कोणतं बोलणं तुमच्यापर्यंत आलं आणि कोणतं अडलं, ते प्रसंगानिशी दाखवणं.

बोलता बोलता कुणी रडू लागलं तर रेकॉर्डिंग बंद करा. पाणी द्या, बसा. पुढे चालू ठेवायचं का ते त्यांना ठरवू द्या. मानसिक आधारासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची माहिती पिशवीत असू द्या. अशा दिवशी घरी परतल्यावर स्वतःही कुणाशी तरी बोला, अर्थात समोरच्याचं नाव न सांगता.

त्याच रात्री टिपणं, त्याच आठवड्यात शब्दांकन

फील्डनोट्स त्याच दिवशी लिहा, परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं. पाहिलेलं डावीकडे, त्यावर मला काय वाटलं ते उजवीकडे, असे वहीचे दोन भाग करा.

पहिल्या चार-पाच मुलाखतींचं शब्दांकन स्वतःच करा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज लागतात, आवाज अस्पष्ट असेल तर जास्तच. पैसे देऊन टाइप करून घ्यायचा मोह होतो, पण मुलाखत घेताना न ऐकलेलं इथे ऐकू येतं: कुठे आवाज खाली गेला, कुठे तुम्ही घाईने पुढचा प्रश्न विचारून एक महत्त्वाचं वाक्य तोडलंत. स्वतःच्या मुलाखत घेण्याच्या सवयी सुधारायला याहून चांगली शिकवणी नाही.

मराठी व्हॉइस टायपिंगचा पहिल्या खर्ड्याला उपयोग होतो. मात्र मालवणी, आगरी, घाटावरची बोली आली की ते गडबडतं, आणि गडबडलंय हे कळावं इतकं ते वेडंवाकडं दिसतही नाही. सरळ प्रमाण मराठी वाक्य तयार करून मोकळं होतं. रेकॉर्डिंगशी शब्दन् शब्द ताडून पाहा. कुठल्याही ऑनलाइन सेवेवर किंवा एआयवर रेकॉर्डिंग चढवायचं असेल तर ते संमतीपत्रकात आधी सांगितलेलं हवं.

एक तांत्रिक सूचना: युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि वर्षभराचं टायपिंग पुन्हा करायची वेळ येते.

कोडिंग: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त विद्यार्थी अडकतात ते इथे. मुलाखती झालेल्या असतात, चारशे पानं टाइप झालेली असतात आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. चारशे पानं जमेपर्यंत थांबणं हेच अडकण्याचं कारण आहे. दुसऱ्या मुलाखतीआधी पहिलीचं कोडिंग झालेलं असावं.

शिकवण्यासाठी तयार केलेला एक उतारा घेऊ:

"पूर्वी दार उघडंच असायचं हो. कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं. माझी पोरं कुणाकडे जेवली, कुणाकडे झोपली, काही हिशोब नव्हता. आता घर मोठं आहे, संडास घरात आहे, देवाच्या कृपेने सगळं चांगलं आहे. पण बेल वाजवायची म्हणजे काहीतरी काम पाहिजे ना. नुसतंच कसं जाणार? परवा साखर मागायला गेले, तर ती म्हणाली, ऑनलाइन मागव ना, दहा मिनिटांत येते."

नवखा विद्यार्थी समासात लिहितो: शेजारसंबंध, सुविधा, एकोपा कमी होणे, तंत्रज्ञानाचा परिणाम. हे चारही कोड ही मुलाखत न वाचता लिहिता आले असते. ते विषयांचे कप्पे आहेत. बाई काय म्हणतात ते त्यांत कुठेच नाही.

आता एकेका वाक्यापाशी थांबा. "काही हिशोब नव्हता" इथे मुलांचा सांभाळ वाटून घेतला जात होता आणि त्याची परतफेड मोजली जात नव्हती. कोड लिहा: "न मोजता मुलं सांभाळली जाणं". "देवाच्या कृपेने सगळं चांगलं आहे" इथे तक्रार करण्याआधी नव्या घराचं कौतुक आलं. का आलं असेल? मिळालेल्या घराबद्दल कृतघ्न दिसू नये म्हणून? की मुलाखत घेणारी सरकारी असावी असं वाटलं म्हणून? कोड: "तक्रारीआधी कौतुक". "बेल वाजवायची म्हणजे काहीतरी काम पाहिजे" याला कोड: "भेटीला कारण लागणं". आणि साखरेच्या प्रसंगाला: "मागणं परतवलं जाणं". साखर मागणं हे साखरेसाठी होतं का, हा प्रश्न समासात तसाच राहू द्या.

यातला "भेटीला कारण लागणं" हा कोड घेऊन पुढच्या मुलाखतीला जा आणि पाहा, कोणती कारणं चालतात. कुणी हळदीकुंकू सांगेल, कुणी पार्सल घेऊन ठेवणं, कुणी लिफ्ट बंद पडल्यावर जिन्यात झालेली भेट. सात-आठ मुलाखतींनंतर तुम्ही म्हणू शकाल की "टॉवरमध्ये शेजारपण ठरवून, निमित्त काढून करावं लागतं". ही झाली थीम. थीम नेहमी पूर्ण वाक्यात लिहा, काहीतरी ठामपणे म्हणणारं वाक्य. "शेजारपण" हा एकटा शब्द थीम नाही. आणि "थीम्स डेटातून वर आल्या" असं लिहू नका. ब्रॉन आणि क्लार्क यांचाही हाच आक्षेप आहे. थीम तुम्ही बांधता, तेव्हा कशावरून बांधली ते सांगायची जबाबदारीही तुमचीच.

मग या थीमला छेद देणारी माणसं मुद्दाम शोधा. एखादी सून म्हणेल, "दार लावता येतं हेच मला सगळ्यात आवडतं. चाळीत दिवसभर कुणी ना कुणी येऊन बसायचं, मला पाय पसरून बसायची सोय नव्हती." या एका वाक्याने जुन्या चाळीचं गोड चित्र हलतं, आणि ते हलायलाच हवं. त्याहून पुढचा प्रश्न असा: त्या उघड्या दारातून कोण सरळ आत येत होतं आणि कोण उंबऱ्यावरूनच परत जात होतं? कुणाच्या घरचं खाल्लं जात होतं आणि कुणाच्या घरचं नाही? जातीबद्दल थेट विचारलं तर "आमच्याकडे तसलं काही नव्हतं" असं उत्तर मिळतं. ताटांच्या, पाण्याच्या, सणाच्या घटना विचारल्या तर चित्र वेगळं दिसतं. माझ्या मते या उदाहरणातला खरा प्रबंध इथे सुरू होतो.

प्रत्येक वेळी असं काही सुचलं की तारीख घालून अर्धं पान लिहा. याला मेमो म्हणतात. अशी साठ-सत्तर अर्धी पानं साठली की प्रबंधाची विश्लेषणाची प्रकरणं जवळपास हातात असतात.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एनव्हिवो, अॅटलस टीआय, मॅक्सक्यूडीए विकतची आहेत. टॅगेट आणि क्वालकोडर मोफत आहेत आणि युनिकोड मराठी मजकुरावर काम करता येतं. पहिले तीन ट्रान्सक्रिप्ट (टाइप केलेली मुलाखत) कागदावर, रंगीत पेनांनीच करा. सॉफ्टवेअर मजकूर शोधून, रचून देतं. अर्थ लावणं तुमच्याकडेच राहतं. "एनव्हिवोने विश्लेषण केले" हे वाक्य वाचलं की परीक्षक सावध होतात.

मुलाखत मराठीत, प्रबंध इंग्रजीत

सगळ्या मुलाखती आधी इंग्रजीत करून मग कोडिंग करू नका. श्रम दुप्पट होतात आणि बोलण्यातला ताण, आडवळणं, टोमणे सगळे सपाट होतात. कोडिंग आणि मेमो मराठीत करा. प्रबंधात उद्धृत करायचे तेवढेच उतारे शेवटी इंग्रजीत आणा, आणि मूळ मराठी उतारे परिशिष्टात द्या. भाषांतर दुसऱ्या मराठी जाणकाराकडून तपासून घ्या आणि पद्धतीच्या प्रकरणात हे सगळं लिहा. विद्यापीठाच्या नियमात बसत असेल तर प्रबंधच मराठीत लिहिण्याचा विचार जरूर करा.

एकट्याने शिकता येत नाही

गाईडकडे वेळ कमी असतो, आणि काही गाईड स्वतः संख्यात्मक पद्धतीत वाढलेले असतात. त्यांना दोष न देता दुसरी सोय करा. वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन-चार विद्यार्थी महिन्यातून एकदा भेटा. कलिना, चर्चगेट, देवनार, दादर, जिथे सगळ्यांना सोयीचं पडेल तिथे. नियम एकच: चर्चा विषयावर नको, ट्रान्सक्रिप्टवर. प्रत्येकाने नावं काढलेली दोन पानं आणायची, बाकीच्यांनी न बोलता वीस मिनिटं कोडिंग करायचं, मग वह्या शेजारी ठेवायच्या. एकाच वाक्याला तिघांनी तीन कोड दिलेले असतात. कुणाचा बरोबर हे ठरवायचं नसतं. तुम्ही काय वाचायचं टाळलंत ते त्यातून कळतं. ट्रान्सक्रिप्ट असं दाखवलं जाईल, हेही संमतीत आधी सांगून ठेवा.

समितीचे प्रश्न, व्हायवाची तयारी

"रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटीचं काय?" "हे सगळ्या मुंबईला लागू होतं का?" "टक्केवारी कुठे आहे?" हे प्रश्न येणारच, आणि ते शत्रुत्वाने विचारलेले नसतात. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनासाठी चार निकष मांडले: विश्वसनीयता, इतरत्र लागू पडण्याची शक्यता, सुसंगती आणि पडताळणीयोग्यता. नावं घेऊन थांबू नका, प्रत्येकासमोर पुरावा ठेवा. पहिल्यासाठी, किती काळ फील्डवर होतात आणि विरोधी उदाहरणांचं काय केलंत. दुसऱ्यासाठी, जागेचं आणि माणसांचं इतकं तपशीलवार वर्णन की गोरेगावच्या पत्राचाळीवर काम करणाऱ्याला काय जुळतं, काय नाही ते स्वतः ठरवता यावं. उरलेल्या दोहोंसाठी, तारखा घातलेले मेमो, बदलत गेलेली कोडची यादी आणि प्रश्नातल्या बदलांची नोंद. नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्यात असाल तर गुणात्मक अभ्यासात काय काय सांगायला हवं त्याची २००७ ची ३२ मुद्द्यांची कोरेक यादी भरून परिशिष्टात लावा. बरेच प्रश्न तिथेच मिटतात.

टक्केवारी देऊ नका. "६० टक्के महिलांनी सांगितले" हे वाक्य वीस मुलाखतींच्या अभ्यासात काहीच सांगत नाही. "बहुतेक" किंवा "मोजक्याच" म्हणा आणि लगेच दाखवा की त्या मोजक्या कोण होत्या.

लिहिताना उताऱ्यांची माळ लावू नका. उताऱ्याआधी तो का आणला ते, आणि उताऱ्यानंतर त्यातून काय दिसतं ते, दोन्ही तुमच्या शब्दांत हवं. एखाद्या पानावरचे उतारे झाकून पाहा. उरलेला मजकूर स्वतःच्या पायावर उभा राहत नसेल तर विश्लेषण अजून झालेलं नाही. त्या भागाचे मेमो पुन्हा काढा.

प्रबंध जमा करण्याआधी एकदा परत त्या इमारतीत जा. निष्कर्षांचं दोन पानी मराठी टिपण करा आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्यापैकी काहींना वाचून दाखवा. "असं नाही हो, तुम्ही चुकीचं समजलात" असं कुणी म्हणालं तर ते बोलणं तारखेसह प्रबंधात घ्या, तुमचा अर्थ बदललात की कायम ठेवलात तेही कारणासह लिहा. रेकॉर्डिंग किती काळ ठेवणार आणि कधी पुसणार हे संमती घेताना सांगितलं होतं. ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि पुसताना फोनवरची, लॅपटॉपवरची आणि ड्राइव्हवरची अशा तिन्ही प्रती आठवणीने पुसा.